बिनमुळाची वेणी

"हिची मुळं गेली रे, धनू," चंद्रिकाताई म्हणाल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोप त्यांनी धाकट्या भावाच्या मांडीवर ठेवलं. "कुंडीत लावली होती, पाणी जास्त झालं. सडलेलं सगळं कापून टाकलं. आता माझ्याच्यानं काही व्हायचं नाही. तुझ्याकडे समुद्राची हवा आहे, बघ काही होतंय का."

धनेशने फडकं उघडलं. सीतेची वेणी होती, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं रानातलं ऑर्किड. जाड, सुरकुतलेली पानं आणि खाली काहीच नाही.

"मेलीय ही," तो म्हणाला.

ताईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. स्वतःच चहा करून प्यायल्या आणि तलासरीची एसटी पकडायला निघून गेल्या.

सरिता गेल्यापासून बोर्डीच्या त्या घरात दिवस उगवतच नव्हता. बायको गेली तशा धनेशने समुद्राकडच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. चिकूची वाडी माणसांवर सोडली होती. शेजारून डबा यायचा, कधी उघडायचा, कधी तसाच परत जायचा. झोप आणि जाग यांच्यामधल्या कुठल्याशा धुकट जागी तो दिवसचे दिवस बसून असायचा. कोणी हाक मारली तर ती पाण्याखालून आल्यासारखी वाटायची.

रोप टाकून द्यायचं, तर उठावं लागणार होतं. म्हणून ते खाटेजवळच राहिलं. सकाळी त्याची नजर गेली तेव्हा सुरकुत्या आणखी खोल झाल्या होत्या. सरिताचे ओठ शेवटी असेच झाले होते. कापसाच्या बोळ्याने तो ते ओले करायचा. तो उठला आणि त्याने पानांवर पाणी शिंपडलं.

पण मुळंच नाहीत ते झाड पाणी पिणार कुठून? ओलीत ठेवलं तर कुजेल, कोरडं ठेवलं तर वाळेल. धनेशने माळ्यावरून लहानसं तांब्याचं घंगाळ काढलं, तळाशी पाणी घातलं, तोंडावर काथ्याची जाळी बांधली आणि रोप तिच्यावर निजवलं. पाण्याला शिवायचं नाही, वर येणारा ओलावा तेवढा प्यायचा. वारा हवा म्हणून खिडक्या उघडाव्या लागल्या. सुरूच्या झाडांतून गाळून आलेली हवा घरभर फिरू लागली. दुपारी कौलं तापली की तो घंगाळ उचलून वाडीत न्यायचा आणि चिकूच्या गार सावलीत त्याच्याजवळ बसून राहायचा. वाडीतली माणसं आधी बिचकली. मग एकेक करून काहीबाही विचारायला येऊ लागली. कुठली फांदी छाटायची, कुठल्या आळ्यात पाणी पोचत नाही. तो उत्तरं द्यायचा.

एका दुपारी तिथेच त्याचा डोळा लागला. स्वप्नात सरिता पाठमोरी बसली होती आणि तो तिची वेणी घालत होता. उभ्या जन्मात त्याने कधी घातली नव्हती. एक पेड धरला की दुसरा सुटायचा. ती हसत होती, आणि पानांतून उतरलेलं ऊन तिच्या पाठीवर हलत होतं. जाग आली तेव्हा त्याला रडू फुटलं. ती गेल्यावर पहिल्यांदाच. बराच वेळ तो रडला. मग उठून त्याने घंगाळातलं पाणी बदललं.

थंडीत एक पान पिवळं पडून गळलं. मग दुसरं. संपलं, असं त्याला वाटलं, तरी सकाळी हात आपोआप पाण्याकडे जायचा. होळीच्या सुमारास पानाच्या बगलेतून हिरवट टोक डोकावलं, तांदळाच्या कणीएवढं. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मूळच होतं ते. हळूहळू लांबत गेलं आणि काथ्याला धरून बसलं.

आंबे उतरायच्या दिवसांत रोप मांडीवर घेऊन धनेश एसटीत बसला. ताईला दाखवायचं होतं. तलासरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांचं घर. ताई सरपणाला गेल्या होत्या. मेहुणे त्याला परसात घेऊन गेले.

परसातल्या जुन्या आंब्यावर फांदीफांदीला सीतेच्या वेण्या फुलून लोंबत होत्या. सगळी सावलीच गुलाबी झाल्यासारखी दिसत होती. हाताला येईल अशा एका फांदीवर तेवढी जागा रिकामी होती. तिथे सालीला वाळकी मुळं अजून घट्ट चिकटून होती. धनेशने जवळ जाऊन बोट फिरवलं. सडल्याची खूण कुठेच नव्हती. कोयत्याच्या एका घावात सरळ कापली गेली होती ती.

मागे भारा टेकल्याचा आवाज झाला. ताई आल्या होत्या. त्यांनी त्याच्या हातातल्या रोपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ही कुंडीत कधी नव्हतीच," धनेश म्हणाला.

"नव्हती."

"चांगली जिवंत होती ती, ताई."

ताईंनी पदराने कपाळावरचा घाम टिपला.

"तूही होतास की रे, धनू."