टपाला सहा भोकं

मेस्त्रींनी माझ्या गाडीच्या टपाला ड्रिल टेकवलं, तसा दादा ओरडला, "नव्या गाडीला भोकं? पाणी गळेल, पत्रा गंजेल. उद्या विकताना कोण घेईल?"

"विकायचीय कुणाला?" मी व्हीलचेअरमधून म्हणाले. "मेस्त्री, पाडा."

ब्रेक, ॲक्सिलरेटर हाताशी होतेच. खुर्ची टपावर चढवणारं यंत्र बसलं, की मी एकटी कुठेही जाऊ शकणार होते. सहा भोकं पडली. प्रत्येकाची कड घासून प्रायमर आणि रंग लावायला लावला. तो वाळेपर्यंत बोल्ट हातात घेऊ दिला नाही. मग बोल्टखाली रबर, भोवती सीलंट.

दुसऱ्या दिवशी दादाला गाडीत बसवलं, काचा लावल्या आणि टपावर दहा मिनिटं पाण्याचा पाइप धरला. तो बाहेर आला. इस्त्रीच्या शर्टावर थेंब नव्हता.

"बरं झालंय," तो म्हणाला. "रविवारी नेतो तुला."

त्याच्या रविवारची वाट बघत मी पंधरा वर्षं खिडकीत काढली होती. स्टिअरिंगमागे सरकले, बटण दाबलं. खुर्ची वर गेली.

"आज बुधवार आहे, दादा," म्हटलं आणि गाडी बाहेर काढली.