पाम पास झाला

तुम्ही भिकाला बर्फाच्या खोलीत कोंडलंत. सिल्वासात, मे महिन्यात, एका कुंडीसोबत. आणि वर कागदावर त्याला चाचणी म्हणालात.

बगीचा थंड देशातल्यासारखा हवा, ही हौस तुमची, पालिकेतल्या वरच्या लोकांची. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय आणि तुम्ही मागवलेत बर्फ सोसणारे पाम. डोंगराळ मुलखातले, पंख्यासारख्या पानांचे. ट्रकमधून उतरले तेच माना टाकून. कुणाही शहाण्या माणसाने त्यांना सावलीत ठेवून पाणी दिलं असतं. तुमच्या बगीच्याच्या साहेबांनी तुमचा आदेश वाचला. झाड थंडी सोसतं याचा पुरावा मिळाल्याशिवाय लावू नये, अशी अट होती. ते ऊन सोसतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

असा पुरावा देणारी थंडी आपल्याकडे एकाच ठिकाणी मिळते. रांधा गावाच्या वाटेवर, कोलंबी साठवायच्या शीतगृहात.

आत कुणी झाड बदलू नये म्हणून सोबत एक माणूस उभा करायचा होता. गुजराती ठेकेदार भावेशने माळ्याकडे बोट दाखवलं. माळी म्हणजे भिका. मूळचा खानदेशातल्या चोपड्याकडचा, इतकी वर्षं ठेक्यावरच. तो ठेकाही याच महिन्यात संपत होता.

"भिकाभाई, पाम पास झाला ने, तर नवा बगीचा तुझाच," भावेश म्हणाला. "नोकरी पक्की समज."

भिकाने शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि कुंडी उचलली. त्याची बायको केसरबाई टोकरखाड्यातल्या घरून गोधडी घेऊन धावत आली होती. साहेबांनी तिला दारातच अडवलं.

"गोधडी नको. तिची ऊब झाडाला लागली तर चाचणी बाद होईल."

"मग यांनी काय पांघरायचं?"

"माणसाबद्दल आदेशात काही नाही."

जाड दार धाडकन बंद झालं. आत उणे पाच. साहेब व्हरांड्यात पंख्याखाली लिंबू सरबत पीत बसले. आधी आतून भिकाच्या पाय आपटण्याचा आवाज येत होता. मग तो मंद झाला. मग येईनासा झाला.

"साहेब, पुरे करा," केसरबाई म्हणाली.

"थोडं थांबा. पानांना नीट कळू दे."

केसरबाई दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागली. इतका वेळ सांभाळलेलं शहरी बोलणं गेलं आणि घरचं आलं.

"उघडा! तो मना नवरा शे, कोलंबी नही!"

साहेबांना खानदेशी कळत नव्हती. कोलंबी तेवढी कळली.

"कोलंबी पलीकडच्या खोलीत आहे, बाई."

शेवटी भावेशनेच घाबरून दार उघडायला लावलं. आधी कुंडी बाहेर काढली. पाम टवटवीत होता. ट्रकमधून उतरल्यापासून इतका खूश तो कधीच दिसला नव्हता. साहेबांनी चारी बाजूंनी त्याचे फोटो काढले. फोटो होईपर्यंत भिका उंबऱ्यापलीकडे भिंत धरून उभा होता. ओठ निळे, मिशीवर पांढरं. केसरबाईने त्याला ओढून बाहेर काढलं, गोधडीत गुंडाळलं आणि भर उन्हात बसवलं. मेच्या उन्हाला तिने जन्मात पहिल्यांदा हात जोडले.

साहेबांनी शेरा लिहिला. झाड उणे पाचात टिकले, अत्यंत कणखर. स्वतःचाच शेरा त्यांनी पुन्हा वाचला. तो त्यांना आवडला. त्यातून त्यांना एक कल्पनाही सुचली.

"भावेश, एवढं कणखर झाड. आपल्या आपण टिकतं. याला माळी कशाला लागतो? भिकाला या महिन्यापासून कमी करा."

भावेश नखं बघू लागला. "साहेब बोलले तर करावंच लागेल ने," तो पुटपुटला.

केसरबाईचा हात चपलेकडे गेला. भिकाने तो धरला. तिच्याच आधाराने तो गोधडीसकट उठला. दात अजून वाजत होते, त्यामुळे शब्द तुटून तुटून येत होते. पण एकेक शब्द व्हरांड्यात ऐकू गेला.

"साहेब, त्याच खोलीत मी बी होतो. मी बी टिकलो. मग मला साहेब कशाला लागतो? बोला."