दारातली गाडी

“गाडी आंधळ्यांच्या संस्थेला देऊन टाक. बिचाऱ्यांच्या उपयोगी पडेल,” बाबा इतक्या सहज म्हणाले, की मी चाटच पडले. डॉक्टरांनी त्यांची नजर गेल्यातच जमा म्हटल्यापासून मी त्यांच्या गाडीची किल्ली लपवली होती आणि त्यांनी अबोला धरला होता. ट्रक आला तेव्हा त्यांनी चाचपडत बॉनेट पुसलं, “जपून न्या हो,” संस्थेच्या माणसाला बजावलं आणि घरात गेले. गाडी घेऊन ट्रक वळणाआड गेला. माझा जीव भांड्यात पडला. “बाबा, चहा टाकू?” मी आत येत विचारलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. दारामागच्या खिळ्यावर माझ्या गाडीची किल्ली नव्हती. शाळेसाठी तयार बसलेल्या माझ्या लेकीचं दप्तरही नव्हतं. मागच्या गल्लीत इंजिन गुरगुरलं. मी अनवाणी धावले. माझी गाडी कठड्याला घासत मोठ्या रस्त्याकडे निघाली होती. खिडकीतून लेक आनंदाने ओरडली, “आई, आजोबांना सिग्नलचं लाल-हिरवं मी सांगणार!”