उघड्यावरचा डबा

"या, जेवायला या!" वजदीने डबा उघडता उघडता दातओठ खात हाळी दिली.

भिंती पाडल्यापासून हा ताप मागे लागला होता. अलेक्झांड्रियातल्या या विमा कचेरीत पूर्वी त्याला स्वतःची खोली होती. आता एकच भलंमोठं दालन, आणि घास घ्यायचा तर तीस जणांना आमंत्रण! फोनचंही तेच. अस्वानहून मुलीचा फोन आला की तो तोंडावर हात धरून कुजबुजायचा, तरी आजूबाजूची टेबलं गप्प व्हायची.

बोलावणं अर्थात म्हणण्यापुरतं. बाकीच्यांनी "सावकाश होऊ द्या" म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही, ही रीत. सगळे ती पाळत. शेजारच्या टेबलावरची इनास सोडून.

रुजू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच ही पोरगी त्याच्या हाकेसरशी खुर्ची ओढून समोर बसली. वजदी चाटच पडला. मग लक्षात आलं, हिचा डबा कधी दिसतच नाही. गावाकडची, एकटी राहत असणार. त्याला भरून आलं. दुसऱ्या दिवसापासून तो दोघांपुरतं आणू लागला.

"काका, आजची भाजी फक्कड!"

"मीठ जास्त झालंय. कळतं मला."

"छे, कुठे काय?" इनासने पाण्याचा तिसरा ग्लास रिकामा केला.

"आणि ती रोटी संपव. हवेवर जगतेस का?"

तेवढ्यात मॅनेजर दौलतबाई आल्या. "उस्ताद वजदी, जिंकलात तुम्ही! कोपऱ्यातली खोली उद्यापासून तुमची. दारासकट."

वर्षभर त्याने याच खोलीसाठी त्यांचं डोकं खाल्लं होतं. पण समोर इनास रोटीच्या तुकड्याने डबा पुसत होती. बंद दाराआडून तो कुणाला 'या' म्हणणार? या लेकराच्या पोटाचं काय?

"राहू द्या बाई. या गोंगाटाची सवय झालीय आता," तो म्हणाला. आपण चांगलं वागलो याचं त्याला मनापासून समाधान वाटलं.

संध्याकाळी खाली दरवान खल्लाफ एक निळा डबा धूत बसला होता.

"नवा घेतलास?"

"छे, इनासबाईंचा आहे. आईच्या हातचं असतं, काय चव! रोज येता येता माझ्या हवाली करतात." खल्लाफने डबा झटकला. "म्हटलं, मग तुम्ही काय खाता? तर म्हणाल्या, 'वर आमचे एक काका आहेत. बायको गेल्यापासून एकट्याने घास गिळवत नाही, असं लेकीला फोनवर सांगत होते.'"