उंबऱ्याजवळची जागा

अफगाणिस्तानच्या लढाईवरून परतल्यापासून जोल्दोश कुठेही जेवायला गेला तरी मानाच्या जागी बसत नाही, दाराशी पोरासोरांत बसतो. "एवढी पदकं, पण माणूस किती साधा," म्हणून सगळं गाव त्याचं कौतुक करतं.

आज लेकीच्या सोयरिकीलाही तो स्वतःच्या घरात दाराशीच बसला. होणाऱ्या सासूने सायरागुलच्या कानांत चांदीचे झुमके घातले. मंडळी मटण खाऊन, तोंडभर आशीर्वाद देऊन गेली, तशी ती बापाजवळ येऊन टेकली.

"बाबा, झुमके घातल्यावर कशी दिसत होते मी?"

तो चाचरला. "त्या बाईचा हात सारखा कोटाच्या खिशात जात होता. माझं लक्ष तिकडेच होतं."

"झुमके होते त्या खिशात."

"हो, दिसले ना. पण मग तिने दुसऱ्या खिशात हात घातला."

"रुमाल काढायला. रडत होत्या त्या."

जोल्दोशने चमकून दाराकडे पाहिलं. "का? काय झालं होतं?"

"काही नाही, बाबा. सगळेच रडत होते," ती म्हणाली. "मी तर तुमच्याकडे बघून रडत होते."