दोन किलोमीटरचा अनुभव

मागासवर्गीय लहान ठेकेदारांसाठी सरकारी रस्त्यांची कामं राखीव होती. पण ती घ्यायला ठेकेदारीचा दाखला हवा, त्या दाखल्याला अनुभव लागायचा, आणि दाखल्याशिवाय काम कुणी देत नव्हतं. शेवटी ठाणाकुशनूरच्या नागेशनं तुरीच्या रानातून दोन किलोमीटर रस्ता केला. कागदावर.

आज दाखला देणारे साहेब जीप घेऊन तो रस्ता तपासायला गेले, तसं नागेशनं दाखल्यावर पाणीच सोडलं. तासाभरानं साहेब हसत परतले.

"झकास रस्ता केलाय हो! पोटातलं पाणी हललं नाही."

"कंचा रस्ता, साहेब?"

"एवढं लाजू नका. तुमचे वडील भेटले की तिथं, तात्याराव. मैलाच्या दगडावर बसले होते. फार कौतुक करायलेत तुमचं."

तात्यारावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. नागेशनं दाखल्याचा कागद पुढं सरकवला.

"तेवढी सही मारा की साहेब, हितंच."

"न्हाई न्हाई, सही जागेवरच करायची असते. नियम आहे." साहेबांनी जीपचं दार उघडून धरलं. "बसा. पोराला घेऊनच या म्हणालेत."