त्र्यंबकरावांची दाद

त्र्यंबकरावांनी माळ्यावरचा जुना स्पीकर घराच्या डिजिटल जाळ्याला जोडला. मध्ये बसवलेल्या डबीने जाळ्यातल्या आकड्यांची वीज केली, विजेने स्पीकरचा पडदा हलवला आणि नात मिहिका त्यांना प्रथमच ऐकू आली.

“आजोबा, पोचतंय? की आजही नुसतीच मान डोलावताय?”

बोलणं-गाणं आकड्यांतून थेट मेंदूत पोचायला लागल्यापासून सगळ्यांचे कान केव्हाच निकामी झाले होते. मेंदूत चिप न बसवलेले त्र्यंबकराव तेवढे ऐकू शकत होते, पण ऐकायला घरात आवाजच नव्हता.

मिहिका ओठ न हलवता भूप गायली. त्र्यंबकराव रडले. “जियो, पोरी!” ते घसा फोडून ओरडले, पुन्हा पुन्हा ओरडले. पण आवाजाचे आकडे करणारी डबी त्यांच्याकडे नव्हती.

“डोळ्यांत पाणी येईस्तोवर जांभया?” स्पीकरमधून मिहिका म्हणाली. “जाऊ दे आजोबा, तुमच्यासाठी पुन्हा नाही गाणार.”